साठ पानांत काय भरायचं?

१. भारी पानं गोळा केली की डेक तयार?

रमी असो, मेंढीकोट असो की झब्बू, सगळे भिडू एकाच कॅटातून खेळतात. कोणतं पान येईल ते नशिबावर आणि आलेल्या पानाचं काय करायचं ते आपल्या डोक्यावर. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये याच्याही आधी एक पायरी असते. प्रत्येक खेळाडू आपला पत्त्यांचा संच, म्हणजे डेक, घरी बसून स्वतः जुळवतो आणि तो घेऊन स्पर्धेला येतो. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: मग सगळ्यात भारी पानं घ्यायची की झालं, त्यात अवघड काय? मुलाला हा खेळ लागलेले आईवडील तोच प्रश्न जरा वेगळा विचारतात: ज्याच्याकडे महागडी पानं, तोच जिंकणार ना?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, हे समजलं की डेक बांधण्याची बरीचशी विद्या हाती येते. पान भारी आहे की नाही, हे ते कोणत्या क्षणी हातात आलं, त्या क्षणी ते खेळण्याची ऐपत होती का आणि समोर कोण बसलं होतं, यावर ठरतं. डेक बांधणाऱ्याला नशीब हटवता येत नाही. पण नशिबापुढे कोणती पानं ठेवायची, हे त्याच्या हातात असतं, आणि सगळं कौशल्य तिथेच आहे.

या प्रकरणात उदाहरण म्हणून आपण ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ घेऊ, कारण आधुनिक ट्रेडिंग कार्ड गेमची सुरुवात त्यानंच झाली. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञानं तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. गारफिल्डचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं डॉक्टरेटचं संशोधन गणिताच्या ज्या शाखेत होतं, तिला चयनगणित म्हणतात: किती गोष्टींतून किती गोष्टी किती प्रकारे निवडता येतात, याचं शास्त्र. डेक बांधताना हेच गणित पावलोपावली भेटतं. आज या खेळात पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी पानं आहेत.

२. खेळ थोडक्यात

दोघं समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे आयुष्याचे २० गुण. समोरच्याचे गुण शून्यावर आणले की डाव जिंकला. सुरुवातीला दोघंही आपापल्या पिसलेल्या डेकमधून सात पानं घेतात. मग प्रत्येक पाळीला एक पान उचलायचं. फक्त जो आधी खेळतो, त्याला पहिल्या पाळीत उचलता येत नाही.

पानं ढोबळमानानं दोन प्रकारची. पहिली लँड, म्हणजे जमिनीची. एका पाळीत एकच लँड टेबलावर मांडता येते आणि मांडलेली प्रत्येक लँड दर पाळीला एक माना देते. माना म्हणजे या खेळातलं चलन. दुसऱ्या प्रकारची पानं या चलनानं ‘विकत घेऊन’ खेळायची: हल्ला करणारे क्रीचर, एकदा वापरून संपणारे मंत्र वगैरे. प्रत्येक पानाची किंमत त्याच्या कोपऱ्यात छापलेली असते. पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आहेत. लाल पानासाठी लाल माना लागते आणि ती डोंगराच्या लँडमधून मिळते. बाकीच्या चार रंगांसाठी मैदान, बेट, दलदल आणि जंगल.

एवढ्यावर पुढचं सगळं समजेल.

३. साठ पानं आणि चार प्रती

स्पर्धेत डेक निदान ६० पानांचा हवा आणि साध्या लँड सोडल्या तर एका नावाच्या पानाच्या चारच प्रती घेता येतात. खेळ नवा होता, तेव्हा ४० पानं पुरत आणि प्रतींना मर्यादा नव्हती. लाइटनिंग बोल्ट हे पान एका लाल मानेत समोरच्याचे ३ गुण कापतं. जुन्या नियमात फक्त बोल्ट आणि डोंगर भरून डेक करता आला असता. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी साठ आणि चारचा नियम आला, आणि तिथून डेक बांधणं ही खरी कला झाली.

आता पहिलं गणित. माझ्या ६० पानांत एका पानाच्या चार प्रती आहेत. सुरुवातीच्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता किती? शंभरांत ४०. तीन प्रती असतील तर ३२, दोन असतील तर २२, एकच असेल तर १२. म्हणजे ज्या पानावर तुमचा सगळा बेत उभा आहे, ते चार प्रती घेऊनही दहापैकी सहा डावांत सुरुवातीला हातात नसतं. नवख्याला ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण त्याला ते पान आल्याचे डाव आठवतात आणि न आल्याचे विसरायला होतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला: साठच्या वर जाऊ नका. नियम कमाल मर्यादा घालत नाही, म्हणून ‘हेही चांगलंय, तेही राहू दे’ करत अनेकांचा डेक ८० पानांचा होतो. मग चार प्रतींचं पान सुरुवातीच्या हातात येण्याची शक्यता ४० वरून ३१ वर घसरते. वाढवलेलं प्रत्येक पान तुमच्या सर्वोत्तम पानाला मागे ढकलतं. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा: पानांची नावं मोजू नका, कामं मोजा. बोल्टचंच काम करणारं दुसरं एखादं पान मिळालं आणि त्याच्याही चार प्रती घेतल्या, तर ‘एका मानेत तीन गुण’ हे काम सुरुवातीच्या हातात असण्याची शक्यता ४० वरून ६५ होते. चारची मर्यादा नावाला आहे, कामाला नाही.

पोकेमॉनमध्ये डेक बरोबर ६० पानांचा असतो आणि मर्यादा चारचीच. यू-गी-ओमध्ये मुख्य डेक ४० ते ६० पानांचा आणि मर्यादा तीन प्रतींची. आकडे बदलतात, विचार तोच राहतो.

४. लँड किती घ्यायच्या?

नवख्याच्या डेकमधली सगळ्यात मोठी चूक इथे असते. लँड हे कंटाळवाणं पान आहे. ते स्वतः काही करत नाही. म्हणून जागा कमी पडली की पहिली कात्री लँडवर चालते.

साठ पानांत २४ लँड, हा जुना आणि चांगला अंदाज आहे. २४ म्हणजे दर पाच पानांत दोन. आधी खेळणाऱ्यानं चौथ्या पाळीपर्यंत दहा पानं पाहिलेली असतात. त्यात सरासरी चार लँड, म्हणजे चौथ्या पाळीला चौथी लँड. सरासरी मात्र फसवी असते, म्हणून सुरुवातीच्या हाताचं पूर्ण चित्र पाहू. २४ लँडच्या डेकमध्ये सात पानांत दोन, तीन किंवा चार लँड येण्याची शक्यता शंभरांत ७७ आहे. एक किंवा शून्य येण्याची १४ आणि पाच किंवा जास्त येण्याची ८. लँड २० वर आणल्या, तर पाच-सहा लँडचे हात कमी होऊन साडेतीनवर येतात, पण एक किंवा शून्य लँडचे हात १४ वरून २५ होतात. चार हातांमागे एक हात खेळण्याजोगा राहत नाही. तुमची पानं इतकी स्वस्त असतील की दोन लँडवरही डाव चालेल, तरच हा सौदा परवडतो.

रंगांचंही असंच. एकरंगी डेकमध्ये २४ च्या २४ लँड आपल्या रंगाच्या असतात आणि सात पानांत निदान एक येण्याची शक्यता ९८. दोन रंग आणि बारा-बारा लँड केल्या, तर प्रत्येक रंगासाठी ती ८१. तीन रंग, आठ-आठ लँड: ६५. फ्रँक कार्स्टन हा नेदरलँड्सचा खेळाडू आणि गणिती. त्यानं या प्रश्नावर कोष्टकंच तयार केली आहेत, आणि पहिल्या पाळीत एखाद्या रंगाचं एका मानेचं पान खात्रीनं खेळायचं असेल तर त्या रंगाच्या सुमारे १४ लँड हव्यात, असं तो सांगतो. दोन रंग एकाच वेळी पुरवणाऱ्या लँड स्पर्धांमध्ये इतक्या मोलाच्या का, ते यातून कळतं. दिसायला त्या साध्या आहेत, पण दोन रंगांच्या डेकला एका रंगाच्या डेकची खात्री त्याच देतात.

५. खर्चाची शिडी

समजा, तुम्हाला रोज सकाळी कोणी पैसे देतं. पहिल्या दिवशी एक रुपया, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे. अट एकच: संध्याकाळपर्यंत न खर्चलेले पैसे परत घेतले जाणार. मग पहिल्या दिवशी चार रुपयांच्या वस्तूंच्या दुकानात जाऊन काय उपयोग? मॅजिकमधली माना अगदी अशीच आहे. ती साठत नाही. चार पाळ्यांत तुम्हाला १ + २ + ३ + ४ अशी दहा माना मिळते. ज्याच्या हातात फक्त चार-चार मानेची पानं आहेत, तो पहिल्या तीन पाळ्या हात बांधून बसतो आणि दहापैकी चारच माना वापरतो. ज्याच्याकडे एक, दोन, तीन आणि चार मानेचं एकेक पान आहे, तो दहाच्या दहा वापरतो. त्याचं प्रत्येक पान तुमच्या पानापेक्षा दुबळं असलं, तरी तो पुढे जातो.

म्हणून अनुभवी खेळाडू डेक मांडताना पानं किमतीप्रमाणे ओळीनं लावतात: एक मानेची एका ढिगात, दोनची पुढच्या, असं पाच-सहापर्यंत. या आकाराला माना कर्व्ह म्हणतात. ढीग डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरता असेल, तर सुरुवातीच्या पाळ्या वाया जाण्याची भीती कमी.

हा विचार ज्या डेकनं सिद्ध केला, त्याची कथा मला या खेळाच्या इतिहासात सगळ्यात प्रिय आहे. १९९६ साली अटलांटामध्ये प्रो टूर या व्यावसायिक मालिकेसाठी पात्रता स्पर्धा झाली. पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक लाल डेक घेऊन आला. डेक रचला होता जे श्नायडर यानं. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी पानं होती: दोन मानेचा एक क्रीचर, जो आपल्या तोडीच्या किंवा वरचढ क्रीचरला अडवूही शकत नाही. कोणीही ही पानं फुकट देऊन टाकली असती. पण श्नायडरनं पान एकेकटं पाहिलंच नव्हतं. कोणत्या पाळीला किती माना हाती असेल आणि ती पुरती कशी खर्च होईल, याचा हिशेब करून त्यानं एक-दोन मानेच्या पानांनी डेक भरला होता. पॉल स्लाय दुसरा आला. पुढे या प्रकारच्या डेकला त्याचंच नाव पडलं.

६. सात त्रिक एकवीस

आता हे सगळं एका उदाहरणात एकत्र करू. समोरच्याकडे २० गुण. बोल्टसारखं प्रत्येक पान ३ गुण कापतं. सात त्रिक एकवीस, म्हणजे अशी सात पानं पुरेत.

किती वेळात? पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन, तिसऱ्या पाळीत तीन: झाली सहा पानं, कापले १८ गुण. चौथ्या पाळीत आणखी एक की डाव संपला. यासाठी तीन लँड आणि सात जाळणारी, म्हणजे थेट गुण कापणारी, पानं लागली, एकूण दहा. आणि आधी खेळणारा चौथ्या पाळीपर्यंत बरोबर दहा पानं पाहतो. आपल्याला दहापैकी सात हवीत, तर डेकमध्येही जाळणारी पानं साधारण त्याच प्रमाणात हवीत: साठांत ४० पानं जाळणारी आणि २० लँड. आधी ज्या २० लँडबद्दल आपण साशंक होतो, त्या इथे बरोबर बसल्या, कारण एकाही पानाची किंमत एक मानेच्या वर नाही.

चारची मर्यादा आडवी येते ती अशी: बोल्टच्या चार, लाव्हा स्पाइकच्या चार, चेन लाइटनिंगच्या चार. तिन्हींचं काम एकच, जुन्या पानांना परवानगी असलेल्या स्पर्धांत ती एकत्र घेता येतात, आणि तरी झाली बाराच. पुढची पानं शोधताना दर्जा खालावत जातो. मग गॉब्लिन गाइडसारखा एक मानेचा क्रीचर येतो. तो आल्याआल्याच हल्ला करतो आणि दर हल्ल्याला दोन गुण घेतो. पहिल्या पाळीत आलेला गाइड दोनदा जरी पोचला, तरी तो एका बोल्टपेक्षा जास्त देतो. आठव्या पाळीत आला, तर बहुधा काहीच देत नाही. पानाची किंमत वेळेवर ठरते, असं सुरुवातीला म्हटलं ते हेच.

असा डेक हाती असला की प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारता येतो: हे निदान तीन गुण कापतं का? नसेल, तर बाहेर. डेकला असा एक प्रश्न असणं, हे तो चांगला असल्याचं लक्षण आहे.

७. दुसऱ्या टोकाचा रस्ता

घाई न करता जिंकता येतं का? येतं. १९९० च्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियातल्या ब्रायन वाइसमननं एक डेक खेळवला, तो ‘द डेक’ याच नावानं ओळखला जातो. त्यात जिंकून देणारी पानं जवळजवळ नव्हतीच. दोन सेरा एंजल, बस. बाकी सगळी पानं समोरच्याचे मंत्र रोखणारी, क्रीचर संपवणारी आणि आपल्या हातात जास्त पानं आणणारी.

वाइसमनचा हिशेब पानांच्या संख्येचा होता. तुमचं एक पान आणि माझं एक पान एकमेकांना खाऊन संपलं, तर बरोबरी. पण माझ्या एका पानानं तुमची दोन संपवली, तर मी एकानं पुढे. रॅथ ऑफ गॉड हे चार मानेचं पान टेबलावरचे सगळे क्रीचर नष्ट करतं. तुमचे तीन गेले, माझं एक खर्च झालं. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की वाइसमनच्या डेकमध्ये क्रीचर इतके कमी, की क्रीचर मारण्यासाठी समोरच्यानं भरलेली पानं त्याच्या हातात नुसती पडून राहत. त्यांना न शिवताच वाइसमननं ती निकामी केलेली असत. समोरच्याच्या हातातली पानं संपली किंवा निरुपयोगी झाली की एक सेरा एंजल येई. ती चार गुणांची, उडत येणारी. पाच हल्ल्यांत वीस गुण.

श्नायडर आणि वाइसमन यांचे डेक एकमेकांच्या उलट आहेत, पण दोघांनीही आधी डाव कसा जिंकायचा ते ठरवलं आणि मग पानं निवडली.

८. दोन पानांची जोडी

तिसरा प्रकार कॉम्बोचा. दोन पानं अशी असतात की एकत्र आली की डाव तिथेच संपतो. डिसीव्हर एक्झार्क हा क्रीचर आल्यावर टेबलावरचं एखादं वापरून झालेलं पान पुन्हा वापरण्याजोगं करतो. स्प्लिंटर ट्विन हे पान एखाद्या क्रीचरला लावलं की तो आपली नक्कल तयार करू शकतो, तीही लगेच हल्ला करणारी. ट्विन लावलेला एक्झार्क नक्कल करतो, ती नक्कल आल्याआल्या मूळ एक्झार्कला मोकळं करते, तो पुन्हा नक्कल करतो. हव्या तेवढ्या नकला, एकाच पाळीत. २०११ च्या फिलाडेल्फियातल्या प्रो टूरमध्ये सामुएले एस्त्राती हाच डेक खेळून विजेता झाला. पुढे २०१६ मध्ये मॉडर्न या स्पर्धाप्रकारातून ट्विनवर बंदी आली आणि २०२४ च्या डिसेंबरात ती उठली.

पण दोन्ही पानांच्या चार-चार प्रती घेऊन दहा पानांत जोडी जमण्याची शक्यता फक्त २७ आहे. इथे कामं मोजण्याचा नियम पुन्हा उपयोगी पडतो. पेस्टरमाइट हा क्रीचर एक्झार्कचंच काम करतो. त्याच्याही चार प्रती घातल्या, की एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला चार पानं होतात आणि शक्यता ४० वर जाते. बाकीची पोकळी डेकमधून पानं शोधून देणाऱ्या मंत्रांनी भरायची.

९. समोर कोण बसणार?

इथपर्यंतचं घरी, एकट्यानं करता येतं. स्पर्धेसाठी आणखी एक गोष्ट लागते: सभागृहात कोण काय खेळणार, याचा अंदाज. खेळाडू याला मेटागेम म्हणतात.

एक काल्पनिक हिशेब करू. शंभर खेळाडूंपैकी ५० जण वेगवान लाल डेक घेऊन येणार, ३० जण वाइसमनच्या वळणाचा, २० जण कॉम्बो. माझ्याकडे दोन डेक आहेत. पहिला लालसमोर शंभरांत ६० सामने जिंकतो, दुसऱ्या प्रकारासमोर ४५, कॉम्बोसमोर ४०. दुसरा डेक अनुक्रमे ४५, ६० आणि ६५. पहिल्याची सरासरी साडेएक्कावन्न, दुसऱ्याची साडेत्रेपन्न. दुसरा घ्यावा. पण लाल डेक ५० ऐवजी ७० आले, इतर दोन २० आणि १० वर उतरले, तर पहिल्याची सरासरी ५५ होते आणि दुसऱ्याची ५०. एकही पान न बदलता चांगला डेक कोणता, ते बदललं.

तीन-चार टक्क्यांसाठी एवढी डोकेफोड कशाला, असं वाटेल. म्हणून हा आकडा पाहा. आठ फेऱ्यांच्या स्पर्धेत निदान सहा सामने जिंकायचे आहेत. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५० असेल, तर हे शंभरांत १४ वेळा जमतं. ती ६० केली, तर ३२ वेळा. एका सामन्यात दहाचा फरक, संपूर्ण स्पर्धेत दुपटीहून जास्त. चांगला डेक हा फरक असाच, दोन-दोन टक्क्यांनी गोळा करतो.

१०. बाजूची पंधरा पानं

सामना तीन डावांचा असतो. दोन जिंकले की सामना जिंकला. पहिल्या डावानंतर डेकमधली काही पानं काढून साइडबोर्ड म्हणजे बाजूला ठेवलेल्या पानांतली आत घेता येतात. साइडबोर्डात जास्तीत जास्त १५ पानं. बहुतेक लोक तो शेवटच्या रात्री उरल्यासुरल्या पानांनी भरतात. माझ्या मते डेकचा निम्मा विचार इथे हवा. पहिला डाव मूळ डेकनं होतो, पण दुसरा आणि झाला तर तिसरा बदललेल्या डेकनं. म्हणजे मूळ साठ पानं ज्या डावांत खेळतात, त्यापेक्षा जास्त डाव बदललेली साठ खेळतात.

पद्धत सोपी आहे. अपेक्षित असलेल्या प्रत्येक डेकसाठी कागदावर दोन रांगा लिहा: काय आत, काय बाहेर. रांगा सारख्या लांबीच्या हव्यात. लालसमोर आत घ्यायला नऊ पानं आहेत, पण काढण्याजोगी चारच सापडतात, तर साइडबोर्डातल्या पाच जागा तुम्ही उगाच अडवल्या. आणि उलट, काढण्याजोगी दहा निघतात पण आत घ्यायला तीनच, तर त्या डेकसमोर तुमची सात पानं दोन्ही डाव निकामी राहणार.

११. पैशाचा प्रश्न

आईवडिलांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं, कारण तो खरा आहे. काही जुन्या पानांच्या किमती खूप मोठ्या आहेत, आणि १९९६ साली कंपनीनं काही पानं पुन्हा छापणार नाही, असं जाहीर केल्यापासून नव्यानं छापून त्या खाली आणायचा मार्ग राहिलेला नाही. ज्या स्पर्धाप्रकारांत ही पानं चालतात, तिथे पैशाचा अडसर आहे. पण सगळे प्रकार तसे नाहीत. पॉपर नावाच्या प्रकारात फक्त सामान्य दर्जाची, म्हणजे सर्वांत जास्त छापली गेलेली पानं चालतात. कंपनीनं २०१९ पासून त्याला अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली. ड्राफ्टमध्ये तर सगळे खेळाडू तिथेच पाकिटं फोडतात, एक पान घेऊन बाकीची शेजाऱ्याकडे सरकवतात आणि त्यातून ४० पानांचा डेक बांधतात. त्यात साधारण १७ लँड. घरून काहीच आणायचं नसतं. नव्या मुलानं सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं. महाग डेक विकत घेऊन खेळणं लवकर शिकता येतं, पण डेक बांधणं ड्राफ्टमध्येच अंगवळणी पडतं.

घरच्या सरावासाठी विकत घेतलेली पानं लागतही नाहीत. कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून त्या जुन्या पत्त्यांवर ठेवल्या तरी पुरतात. पान खरेदी करण्याआधी ते डेकमध्ये बसतं का, हे असं पाहून घ्यावं.

१२. सराव आणि स्पर्धेची सकाळ

सराव करताना ‘जिंकलो-हरलो’ एवढंच लिहू नका. डाव संपल्यावर हातात कोणती पानं पडून होती, ते लिहा. जे पान पुन:पुन्हा हातात अडकून राहतं, ते कितीही आवडतं असलं तरी काढा. सुरुवातीचा हात ठेवावा की टाकावा, याचाही सराव करा. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे हात नको असेल तर तो डेकमध्ये पिसून पुन्हा सात पानं घ्यायची आणि त्यातलं एक डेकच्या तळाशी ठेवायचं. दुसऱ्यांदा टाकला तर दोन. एक लँडचा सुंदर हात ठेवण्याचा मोह फार मोठा असतो. सात पानं सुंदर दिसतात की नाही यापेक्षा त्यातून पहिल्या तीन पाळ्या खेळता येतात की नाही, ते पाहा.

मोठ्या स्पर्धेत सुरुवातीलाच डेकची यादी द्यावी लागते आणि त्यानंतर एक पानही बदलता येत नाही. पंच मधूनच एखादा डेक उचलून यादीशी ताडतात. फरक निघाला तर दंड होतो, डावही जाऊ शकतो. म्हणून यादी लिहून झाल्यावर पानं टेबलावर मांडून मोजा, साठ आणि पंधरा. पानांवरची प्लास्टिकची आवरणं एकसारखी आणि नवी ठेवा. लँडचीच आवरणं जास्त घासलेली असतील, तर ती पाठीमागून ओळखता येतात आणि तो खुणा केल्याचाच प्रकार ठरतो.

शेवटचं पिसण्याबद्दल. डाव संपल्यावर लँड एका जागी जमा झालेल्या असतात, म्हणून काहीजण पिसण्याआधी दर दोन पानांमागे एक लँड घालून ठेवतात. पुढे नीट पिसलं तर त्या रचनेचा काही उपयोग राहत नाही, आणि नीट पिसलं नाही तर ती लबाडी ठरते. बावन्न पत्ते दोन भाग करून एकमेकांत गुंफत पिसले, तर पुरेसे मिसळायला सात वेळा पिसावं लागतं, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. साठ पानांना निदान तेवढं तरी हवंच. त्यानंतर डेक समोरच्याच्या हातात द्यायचा. त्याला तो पिसण्याचा हक्क आहे, आणि समोरच्याचा डेक तुमच्याकडे येईल तेव्हा तुम्हीही तो पिसा.